चाटून ओळखलेला शंख

किळस म्हणजे काय ते मला विचारा. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी ती माझ्या जिभेवर बसली, ती आजतागायत उतरलेली नाही.

माझ्या प्रबंधाचा विषय होता गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपल्यांचे जीवाश्म. मी जीव तोडून नमुने आणायचे आणि आमचे सर ते एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. "याचं तोंड कुठंय? तोंड तुटलेल्या शंखाला मी नाव देत नाही. सोमवारपर्यंत एक तरी अख्खा आणा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू." म्हणजे माझं वर्ष वाया.

त्यांची दुसरी शिकवण अशी, की कोरड्या दगडात काही दिसत नाही. पाणी नसेल तर सरळ चाटा. स्वतः वर्गात दगड चाटायचे आणि तस्साच ओला आमच्या हातात द्यायचे. शी! मी रुमालानं धरायचे.

त्या शनिवारी डोणगावाकडच्या एका वस्तीबाहेर नव्या विहिरीतून काढलेल्या गोट्यांचा ढीग सापडला. वस्तीच्या तोंडाशी 'हागणदारीमुक्त गाव' असा मोठा फलक. दुपारी बाटलीतलं पाणी संपलं. सोमवार आठवला, डोळे मिटले आणि चाटत सुटले. चव जराशी खारट. आठ-दहा गोटे झाल्यावर एकावर बोराएवढा शंख उमटला, अगदी अख्खा! टोक वर धरलं तर तोंड डाव्या हाताला. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. डावीकडे म्हणजे फायसा नावाची गोगलगाय! मी आनंदानं ओरडलेच.

शेळ्या राखणारी एक आजी केव्हाची बघत होती. "काऊन चाटून राह्यली वं पोरी? सारी वस्ती सकायी याच गोट्याइवर बसते."

मी तिथंच भडाभडा ओकले. फलक लावणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. आजीनं तिच्याजवळचं पाणी माझ्या ओंजळीत ओतलं आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. घरी येऊन चार वेळा दात घासले. दगड मात्र पिशवीतच राहिला. त्याला हात लावायचीच शिसारी, तर धुणार कोण?

सोमवारी पिशवी सरांच्या टेबलावर पालथी केली. त्यांनी दगड उजेडात धरला. "कोरडा आहे."

"सर, तो..." म्हणेपर्यंत माझी नजर त्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली. माझ्या सहा महिन्यांच्या गोगलगायी होत्या त्यात.

सरांनी सावकाश जीभ फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "वा! फायसा. याला म्हणतात नमुना."

"हो सर," मी म्हटलं. "जरासा खारट आहे ना?"