शिंगांचं तेल बंपरला

गाडीचं काळं प्लॅस्टिक पांढरं पडतं ते उन्हानं. पावसानं नाही, धुळीनं नाही, आणि आमच्या सासरी म्हणतात तसं 'वय झालं की व्हायचंच' असंही नाही. गाडी सावलीत लावा, धुण्याचा सोडा लांब ठेवा, आठवड्याला एकदा चार थेंब तेल द्या. दहा वर्षं काळं राहतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी सहा वर्षं एका गाडीचे बंपर सांभाळलेत, आणि कशासाठी सांभाळले ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचे वडील, आबा, दुधाच्या धंद्यातले. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत घर, मागं परडं, परड्यात गोठा, गोठ्यात नऊ म्हशी. सकाळ-संध्याकाळ त्यातल्या दोन-तीन कट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. घरात बोलणं कमी आणि ओरडणं जास्त. आबा लाडानं बोलले तरी तिसऱ्या घरात ऐकू जायचं. नव्वदीच्या सुरुवातीला, मी पंधरा वर्षांची असताना, त्यांनी गाडी घेतली. पांढरी, छोटी, नवीकोरी. पुढचा-मागचा बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या टोप्या, सगळं काळंभोर प्लॅस्टिक. अख्ख्या गल्लीनं पेढे खाल्ले.

त्या दिवशी मी जी स्टेअरिंगवर जाऊन बसले ती उतरायलाच तयार नाही. आई म्हणाली, "उतर गं, लोक बघायला लागल्यात."

"बघू देत. मी चालिवणार हाय ही. मी शिकतो." (आमच्याकडं बायकासुद्धा 'शिकतो, जातो, येतो'च म्हणतात. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं.)

गल्ली हसली. आबा मात्र हसले नाहीत. बंपरवर पंजा ठेवून म्हणाले, "हे बघ. म्हशी मी सांभाळतोय, गाडी तू सांभाळ. नव्यागत ठेवलीस तर अठरावं लागलं की स्टेअरिंग तुझ्या हातात. मी सोता शिकवतो."

"आईशप्पत?"

"थोरल्या म्हशीच्या शिंगाला हात लावून सांगतो," आबा म्हणाले, आणि खरंच गोठ्यात जाऊन हात लावून आले. आमच्या घरात याच्यावरची शपथ नव्हती.

गाडी उभी असायची परड्याच्या तोंडाशी, भर उन्हात. सावली म्हशींची, ती मागायची कुणाची टाप नव्हती. पहिला उन्हाळा सरला आणि पुढचा बंपर राख फासल्यागत झाला. नव्यागत ठेवायची बोली होती आणि वर्षातच गाडीच्या तोंडावर अवकळा आली. काय करावं? मला काळं करायची एकच रीत माहीत होती, म्हशीच्या शिंगाची.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. त्यासाठी आदल्या दिवशी शिंगं साळायची. फुटक्या काचेनं वरचा पांढुरका पापुद्रा खरवडला की आतून काळं शिंग निघतं, मग त्यावर तेल चोळायचं. ते काम मी लहानपणापासून बघत होते. मनात म्हटलं, काळं ते काळं, शिंग काय आणि बंपर काय. सोड्याच्या बाटलीचा तुकडा घेतला आणि डाव्या कोपऱ्याला लागले खरवडायला. चार ओरखडे ओढले. आतून काळं निघायच्या ऐवजी आणखी पांढरं निघालं.

आबा कळशी घेऊन बाहेर आले आणि बघून हसत हसत खालीच बसले. "अगं खुळे! शिंग परत वाढतंय. बंपर वाढतोय व्हय?"

ते चार ओरखडे कायमचे राहिले. पण मीही जिद्दीची. शेंगतेल लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी धूळ बंपरवर. काळं बूटपॉलिश लावलं. गाडी धुतली तर पांढऱ्या दारावर काळे ओघळ. चौकातल्या रिक्षावाल्यानं सांगितलं म्हणून डिझेलचा बोळा फिरवला. दोन दिवस नवरीगत चमकला आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा पांढरा. शेवटी खोबरेल जमलं. आधी नुसत्या पाण्यानं धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग धोतराच्या जुन्या तुकड्यावर चार थेंब घेऊन चोळायचं. तास-दोन तास मुरू द्यायचं. आणि मग पुसायचं, पुसत राहायचं, बोट फिरवलं तर बोटाला तेल लागता कामा नये इतकं पुसायचं. तेल लावणं कुणालाही येतं. पुसून काढण्यातच सगळं आहे.

उन्हासाठी मी आजीच्या जुन्या लुगड्यांची झूल शिवली. गाडीला झूल म्हणून गल्लीतल्या पोरी चिडवायच्या, "काय गं, धार काढलीस का गाडीची?" मी म्हणायचे, "चिडवा. अठरावं लागलं की रंकाळ्याला चक्कर मारताना कुणाला बसवायचं ते मी ठरवणार हाय."

अठरावं लागलं. मी केसाला तेल लावून, वेणी घालून परड्यात उभी राहिले. आबा समोरून पेंडीचं पोतं घेऊन गेले, परत आले, "दारातनं सरक," म्हणाले. बास. आई म्हणाली, "विचार की त्यास्नी." मी म्हटलं, का विचारू? शब्द ज्यानं दिलाय त्याला आठवायला नको? मी मागणारी नव्हे. आठवण व्हावी म्हणून त्या रविवारी दोन्ही बंपर दोनदा चोळले, एवढंच.

पुढच्या वर्षी धाकटा भाऊ सोळाचा झाला आणि आबांनी त्याला गाडी शिकवली. लांबच्या माळावर नेऊन, शेजारी बसून, रोज सकाळी. दुधाच्या किटल्या पोचवायला पोरगा लागतोय, म्हणाले. ते परत आले की मी बंपरवरचा माळाचा चिखल पुसत असे. मनाला समजावत होते, की विसरलेत. नऊ म्हशी, एकीला ताप, एकीचं रेडकू गेलेलं, पहाटे तीनला उठणारा माणूस, पंधरा वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द कुठून लक्षात राहणार? विसरलेल्या माणसावर किती दिवस रागवायचं? मी पुसत राहिले.

मी एकवीसची असताना, एका सणवार नसलेल्या बुधवारी, आबा गोठ्यातून ओरडले, "उद्या पावणं येणार हायती. गाडीवर जरा हात फिरव. बंपर चकाचक पायजे."

त्या ओरखड्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी बंपरचं नाव काढलं होतं. काय सांगू, मला इतका आनंद झाला! म्हटलं, आठवलं वाटतं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं मी वायपरखालची जाळीसुद्धा साफ केली. पट्ट्या, टोप्या, दोन्ही बंपर, सगळं चोळलं, मुरवलं, पुसलं. खांदे भरून आले. झोपताना हातांना खोबरेलाचा वास येत होता आणि मी मनातल्या मनात गिअर बदलत होते.

दुसऱ्या दिवशी आईनं पैठणी काढून दिली तेव्हा कळलं, पाव्हणे मला बघायला येणार होते. गडहिंग्लजची माणसं, खत-बियाणांचं दुकान. मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या बशा भरत होते. खिडकी परड्यात उघडते. मुलाचे वडील आत यायच्या आधी गाडीपाशी थांबले. वाकून त्यांनी पुढच्या बंपरवर अंगठा फिरवला. मग अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला. तेल नाही. त्यांनी मान डोलावली.

"बघा की," आबा म्हणाले. "सा वर्साची गाडी. एक पट्टी पांढरी न्हाय. पोरीनं राखलीया."

"ह्या कोपऱ्याला वरखडं हायती."

"ते व्हय? पोर ल्हान हुती तवाचं. बाकी बोट ठेवायला जागा न्हाय."

"मग गाडी पसंत म्हणायची," पाव्हणे म्हणाले, आणि चपला काढून आत आले. आत येऊन त्यांनी मला विचारलं की भाकरी येते का.

पोह्यांची बशी मी त्यांच्यापुढं ठेवली. मला आता लख्ख कळलं होतं. आमच्या घरात शिंगांना तेल दोनच वेळा लागतं. एक पाडव्याला. आणि दुसरं, म्हैस विकायला हातकणंगल्याकडच्या बाजाराला न्यायची असेल त्याच्या आदल्या दिवशी. सणवार नसताना आबांनी तेलाची वाटी मागितली की आई समजायची, उद्या गोठ्यात एक दावं रिकामं होणार. मी त्या गोठ्यात वाढलेली पोरगी. बुधवारी, सण नसताना, मला तेल लावायला सांगितलं आणि मी खुळ्यागत आनंदानं लावलं.

संध्याकाळी आबा धार काढत होते. मी जाऊन उभी राहिले. "आबा, गाडी तू सांभाळ म्हणाला हुता."

"मग? तुलाच दिली की," आबा म्हणाले. मान वर केली नाही. "तुझ्याच घरात जाणार. रोज डोळ्यासमोर. जीव लावलाईस म्हणूनच तर तुझ्यासंगं देतोय."

स्टेअरिंगचा शब्द मी तेव्हाही काढला नाही. ओठावर आला होता. काढला असता आणि ते 'कसलं स्टेअरिंग?' म्हणाले असते, तर मला ते सोसलं नसतं. धार चरवीत पडत राहिली, आणि मी आत गेले.

लग्नात गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. डाव्या कोपऱ्यातले ओरखडे फुलांखाली झाकले. किल्ली ताटात ठेवून, हळदी-कुंकू लावून नवऱ्याच्या हातात दिली. मी मागच्या सीटवर बसले. गडहिंग्लज येईपर्यंत रडले, आणि सगळ्यांना वाटलं माहेर सुटलं म्हणून.

नवरा वाईट नाही. मीही एकदा मान खाली घालून विचारलं, गाडी शिकवता का? तो हसला. "तुला कुठं जायचंय? मी हाय की." खरं होतं, मला कुठंच जायचं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

गाडी दुकानासमोर पश्चिमेच्या उन्हात उभी असायची. मी तिला हात लावला नाही. सासूबाई सीमेकडच्या, निम्मं कानडी बोलायच्या, त्या वाटी पुढं करून म्हणायच्या, "लाव की गं तेल, तुझ्या माहेरची गाडी." मी म्हणायचे, "गाडी ह्यांची हाय." पहिल्या वर्षी पट्ट्या राखी झाल्या. मग टोप्या गेल्या. तीन-चार वर्षांत बंपर खडूसारखे पांढरे झाले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? रविवारी हात शिवशिवायचे. तरी नाही लावलं. आबांवर मात्र राग धरला नाही. माहेरी गेले की त्यांच्या पायाला तेल चोळायचे, गुडघे दाबायचे. विसरले बिचारे, असंच मनाशी धरून ठेवलं होतं. त्या एका गोष्टीवर माझं माहेर टिकून होतं.

दहा वर्षांनी आबा एसटीनं गडहिंग्लजला आले. तोवर गोठा मोडला होता, गुडघे गेले होते, आवाजही खाली आला होता. पिशवी पायरीवर ठेवली आणि गाडीपुढं जाऊन उभे राहिले.

"म्हातारी केलीस की गं गाडी," म्हणाले. "तेल आण."

मी वाटी आणून दिली. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, गुडघ्याला हात देत देत खाली बसले आणि डाव्या कोपऱ्यापासून चोळायला लागले. तेल लागेल तिथं काळं उमटत होतं. चार ओरखडे वर आले.

"ये की, बस हितं," ते म्हणाले. "तुझा हात चांगला हाय ह्यात."

माझं डोकं फिरलं. "आबा," मी म्हणाले, "आता कुणाला दाखवायचीय?"

त्यांचा हात थांबला. टॉवेल तसाच ओरखड्यांवर राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बंपरकडं बघतच, आयुष्यात मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात ते म्हणाले,

"तुला चालवायची हुती, न्हवं?"

विसरले म्हणून मी त्यांना इतकी वर्षं माफ करत आले होते. ते विसरले नव्हते.