तीनशेचा गंधार

मी आठवीत असताना आमच्या गाण्याच्या सरांनी एकोणीस मुलींसमोर मला सांगितलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको. बेसूर आहेस." या माणसाचं उट्टं काढायचं, हे मी त्याच दिवशी ठरवलं. लहानपणीचं मनात ठेवू नये असं लोक म्हणतात. मी ठेवलं, आणि नीट जपून ठेवलं.

आम्ही देवगाव रंगारीचे. शिक्षणासाठी मला शहरात, गारखेड्यात मावशीकडे ठेवलं होतं. गावात मला सगळे गाणारी पोरगी म्हणायचे, म्हणून शाळेच्या समूहगीतात मी हौसेनं नाव दिलं. सर पेटीवर सूर द्यायचे आणि वरच्या वर्गातली एक ताई कोपऱ्यात तानपुरा छेडायची. मी तानपुऱ्याजवळ उभी असायचे. त्याच्या खर्जाच्या तारेकडे नीट कान दिला, की सा विरत जाताना तिच्या आतून एक बारीक गंधार वर येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, तारेचा स्वतःचाच असतो. मला तो फार आवडायचा आणि मी तोच गायचे. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा होता. बाकीच्या एकोणीस जणी पेटीबरोबर, मी एकटी तारेबरोबर. सरांनी एकेकीला गायला लावलं आणि चोर पकडावा तसं मला पकडलं.

स्पर्धेत मी ओठ हलवले. आमचा पहिला नंबर आला. फोटोत माझंच तोंड सगळ्यांत मोठं उघडलेलं आहे. त्यानंतर मी गायले नाही. गावी हळदीची गाणी सुरू झाली, की मी भाजी निवडायच्या निमित्तानं आत जाऊन बसायचे. आई विचारायची, तर घसा दुखतोय म्हणायचे. सरांचं म्हणणं मला खरं वाटलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत एक लांब लाकडी खोकं होतं, त्यावर एक तार ताणलेली. तारेचे पाच भाग करायचे, चौथ्या भागाच्या टोकाला तारेखालची घोडी सरकवायची आणि चार भागांचा लांब तुकडा छेडायचा. मी छेडलं, आणि माझा गंधार वाजला. तोच, तानपुऱ्यातला. वहीत आकडे मांडले. सा सेकंदाला दोनशे चाळीस वेळा थरथरत असेल, तर खरा गंधार तीनशे वेळा थरथरतो. चारास पाच. गुणोत्तर इतकं साधं असलं, की दोन सूर एकमेकांत मिसळून जातात, कानाला कुठेच खुपत नाहीत. पेटीचा गंधार तीनशे दोनच्याही जरा वर जातो. यात पेटी करणाऱ्यांचा नाइलाज आहे. सा पासून पंचमाला जायचं, त्या पंचमाच्या पंचमाला, असं बारा वेळा चढलं की पुन्हा सा वर यायला हवं. पण आपण सा च्या थोडे पुढेच पोचतो. पंचम म्हणजे दोनास तीन. तीनाला तीनानं कितीही गुणा, उत्तर विषम. दोनाला दोनानं कितीही गुणा, उत्तर सम. त्यांची गाठ कधीच पडत नाही. मग तो उरलेला फरक पेटीच्या बारा सुरांत सारखा वाटून टाकतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीत गा, सगळं जवळपास बरोबर लागतं, पण सा सोडून पूर्ण खरं काहीच नसतं.

म्हणजे मी बेसूर नव्हते. मी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर रडले.

पुढे मी गणिताची शिक्षिका झाले आणि रविवारी खुलताबादला एका म्हाताऱ्या कारागिराकडे पेटी लावायला शिकू लागले. पेटीच्या आतली सुराची पितळी पट्टी टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. सगळं काम हाताच्या अंदाजाचं. चाचा म्हणायचे, "पेटी झूट बोलती बेटा, लेकिन सबसे बराबर झूट बोलती." त्यांना वाटायचं मला हुनर हवाय. मला हुनर हवा होताच, पण कशासाठी ते मी त्यांना सांगितलं नाही.

गेल्या वर्षी सरांचा निरोप आला. पेटी लावणाऱ्या मॅडम म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. सर आता निवृत्त, घरी मुलींचा क्लास घेतात. त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार होता आणि त्यात ते स्वतः गाणार होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"एकदम शुद्ध लावा मॅडम," ते म्हणाले.

"कोणत्या पट्टीला?"

"माझी काळी एक."

मी काळी एकला, म्हणजे पेटीतल्या पहिल्या काळ्या सुराला, सा धरून सगळे सूर साध्या गुणोत्तरांत लावले. वहीतल्या हिशोबानं गंधार तीनशेवर आणला. अशी पेटी काळी एकला अमृत, पण तिच्यात दुसरी पट्टी घेतली की वैर उभं राहतं. सा दोनशे चाळीस धरला, तर काळी दोन दोनशे सत्तरवर येते. तिला सा केलं, तर पंचम चारशे पाच हवा, आणि तिथं पेटीत आहेत चारशे. शेवटचं भजन सर काळी दोनमध्ये चढवून म्हणतात, आवाज अजून शाबूत आहे हे दाखवायला, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. मी खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सत्काराला मी दुसऱ्या रांगेत बसले. शेवटी सरांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी दोनला जुळवला आणि भजन सुरू केलं. पहिल्याच पंचमाला पेटी तानपुऱ्याशी भांडायला लागली, घरघर ऐकू येण्याइतकी. माझ्या छातीत आनंद मावेना. सरांनी पेटीकडे पाहिलं, भाता बंद केला आणि नुसत्या तानपुऱ्यावर गायले. पंचम केसभरही हलला नाही. गंधार तर तारेतून काढून ठेवल्यासारखा. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी ते पेटी घेऊन माझ्याकडे आले.

"काळी एकचा गंधार उतरवलात तुम्ही. खरा लावलाय," ते म्हणाले. "पण मला पहिल्यासारखी पाहिजे. पोरी निरनिराळ्या पट्टीत गातात."

"तुम्हाला कळला गंधार?"

"कळणार नाय तर! जन्म गेला माझा."

मी त्यांना माझं गाव सांगितलं, ते समूहगीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"देवगावची व्हय तू? तुझा गंधार खरा होता. मला तवाच कळलं होतं."

"मग?"

"एकोणीस पोरी पेटीवर होत्या, बाई. स्पर्धा चार दिवसांवर आलेली. एकीसाठी एकोणीस हलवू का?"

"हलवू नका. पण मला एकटीला बाजूला घेऊन खरं सांगायचं होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि पेटी माझ्याकडे सरकवली. इतकी वर्षं मी त्यांना बहिरे समजत होते आणि त्यांची थोडी कीवसुद्धा करत होते. ती कीव त्या मिनिटाला संपली.

"ठेवून जा," मी म्हणाले. "लावून देते."

याला सात महिने झाले. दर पंधरवड्याला त्यांचा फोन येतो, मी काम चालू आहे म्हणते. पेटीला मी हात लावलेला नाही आणि लावणार नाही. त्यांच्या क्लासमधल्या मुली तेव्हापासून तानपुऱ्यावर गातात.