तोंडी वीसपर्यंत

आमच्या कोपरखैरण्याच्या प्लेस्कूलमध्ये दरवर्षी शिक्षणात एक क्रांती होते. एका वर्षी ताक घुसळून मुलांचे 'मोटर स्किल्स' सुधारले. एका वर्षी सगळ्या वर्गांना निळा रंग फासला, कारण निळ्याने म्हणे मेंदू शांत होतो. कोणाचा, ते विचारायचं नाही. यंदा जानेवारीत मोठ्या मॅडम वाशीच्या कुठल्याशा हॉटेलात वर्कशॉप करून आणि भरपेट जेवून आल्या. "आता आकडे साइन लँग्वेजमधून शिकवायचे," म्हणाल्या.

मी नर्सरीची टीचर, बावीस वर्षं झाली. माझी पद्धत सोपी आहे. मी 'वन' म्हणते आणि तीस पोरं 'ट्वेंटी'पर्यंत अशी किंचाळतात की वरच्या मजल्यावरचे आजोबा खिडकी लावून घेतात. पालक खूश, मॅडम खूश. म्हणून मी आपलं म्हटलं, "मॅडम, आपल्याकडे सगळ्यांना ऐकू येतं की."

"पालकांना युनिक वाटेल," मॅडम म्हणाल्या. शिक्षणशास्त्रात याहून मोठा सिद्धांत अजून तरी माझ्या ऐकण्यात नाही.

या तीस पोरांत एक मुलगी होती, बोनकोडे गावातली. घरी म्हणे तिचं तोंड मिटायचं नाही आणि शाळेत उघडायचं नाही. दिवाळीच्या आधीच्या रिपोर्टवर मी लिहून टाकलं होतं, 'मोजता येत नाही'. मार्चमध्येही मी तेच लिहिणार, मग तिची सगळी बॅच ज्युनियर केजीत जाणार आणि ती पुन्हा नर्सरीत बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. नियम म्हणजे नियम.

खुणा शिकवायला एक तरुण बाई आली. तिला स्वतःला ऐकू येत नव्हतं. पाहुणीसमोर शिस्त दिसावी म्हणून मी वर्गाला नेहमीचा हुकूम सोडला: हाताची घडी, तोंडावर बोट. तिने मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं, 'आधी यांचे हात सोडा.' माझं डोकंच फिरलं. कालची पोरगी मला वर्ग सांभाळायला शिकवणार.

मग तिने वीसपर्यंतच्या खुणा एका हाताने करून दाखवल्या, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं टेबलावर ठेवली आणि किती आहेत ते हातांनी दाखवायला लावलं. झालं, आमची सगळी हुशारी उघडी पडली. समोर चार झाकणं असताना एका पठ्ठ्याने दोन्ही पंजे नाचवले आणि वर 'ट्वेंटी' म्हणून ओरडला. मीही काही दिवे लावले नाहीत. पाचपर्यंत ठीक चाललं होतं, पुढे माझी बोटं वळेनात. सातला मी भलतंच काहीतरी करून दाखवलं. तेव्हा बोनकोड्याची ती मुलगी जागेवरून उठली, माझ्याजवळ आली, माझं बोट धरून हवं तसं वळवलं आणि परत जाऊन बसली.

त्या बाईने तिच्यापुढे आठ झाकणं ठेवली. मुलीने आठ दाखवले. आणखी एक ठेवलं, तिने नऊ दाखवले. तीन उचलली, तर सहा. असं करत वीसपर्यंत गेली, एकदाही चुकली नाही. पोरगी जूनपासून मोजत असणार, आणि मी रोज तिला हात बांधून बसवत होते. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

मार्चच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'तोंडी वीसपर्यंत मोजता येते का?' मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तिला तोंडी नाही ना येत? मग 'नाही' लिहा."

"मग ती साइन लँग्वेज कशाला आणली?"

"अहो, ते ब्रोशरसाठी."

मी 'तोंडी'वर काट मारली, 'येते' लिहिलं आणि सही ठोकली. मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस फार छान गेले.

पालकसभेला तिची आई आली, मुलीला हाताला धरून. मी तर स्वतःवर भलतीच खूश होते. "अहो, हिला मस्त मोजता येतं," मी म्हटलं. "जाणार ही ज्युनियरला." आता ही माझे आभार मानेल, अशा थाटात मी कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने तो दोनदा वाचला. "पन दिवालीला तुमीच लिवलेलं ना, येत नाय म्हनून," ती म्हणाली. "मी मारलेलं हिला तवा. ही सांगत व्हती मना, येतं, येतं म्हनून."

मला तिच्याकडे बघवेना. चूक माझी होती, असं मी त्या दोघींनाही सांगितलं. आईने मान हलवली. मुलीने हलवली नाही.