वृंदाची कुंभारीण

वृंदा गेली त्याला आज वर्ष झालं. तिला हवा असलेला पेपर काल आला.

पेपर म्हणजे संशोधनाचा. वृंदा माझी बायको, तळवड्याच्या शाळेत सायन्स शिकवायची.

आमच्या गॅलरीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. मी पाडायला गेलो तर वृंदा केवढ्याने ओरडली.

"हात लावू नकोस! अरे, रंग बघ ना त्याचा."

माती काळपट होती, आणि मागच्या गल्लीत सगळी ग्राइंडिंगची वर्कशॉप्स.

माशी घर सोडून गेल्यावर मी माझ्या चाकणच्या कंपनीतून मॅग्नेट आणलं. घराचा तुकडा त्याला टच्चकन चिकटला.

माशीबाई लोखंडाचा भुगा मातीत कालवत होती! वृंदा गॅलरीत अक्षरशः नाचली.

तिने लेख लिहून एका जर्नलला पाठवला. संपादकांचं उत्तर आलं: या माशीच्या घरांवर एक जुना पेपर आहे, तो आधी बघा. त्यात ही नोंद नसेल, तर तुमचं निरीक्षण नवीन.

बस्स, तिथेच गाडी अडली.

वेबसाइटवर नुसता सारांश. पुढचं वाचायला युनिव्हर्सिटीचं लॉगिन हवं, सुट्टा विकतही देत नाहीत.

आम्ही दोघं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या गेटवर गेलो. वॉचमन मामा भले होते, पण म्हणाले, "मॅडम, हितलं कार्ड हाय का? न्हाई तर मला आत सोडता येत न्हाई."

लेखकाला मेल केला, तो पत्ताच बंद झालेला.

मी पर्चेसमधला माणूस. प्रकाशकाला फोन करून म्हटलं, आधी सॅम्पल पाठवा. त्यांनी सारांशच पाठवला.

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर एकाने पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर दिला. वृंदा हसून हसून बेजार.

मग तिचं दुखणं निघालं. हॉस्पिटलमध्येही तेच.

"आला का रे पेपर?"

"फॉलोअप चालू आहे."

"तुझ्या कंपनीतली उत्तरं मला नको देऊस हं."

मी काय देणार होतो दुसरं? कंपनीत अडलेला ट्रक मी फोनवर सोडवतो. हिच्यासाठी चार पानं मिळवता येईनात. फार राग यायचा. कोणावर काढायचा तेही कळायचं नाही.

परवा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कदमांना सहज हे बोललो. त्यांची भाची यंदा पीएचडीला बाहेरच्या युनिव्हर्सिटीत गेलीय. काल माझा चहा संपायच्या आत तिने पीडीएफ पाठवली. इतकं सोपं होतं, राव.

डिक्शनरी घेऊन बसलो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग परत वाचला. घरात सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

वृंदा, पेपर आला गं.

त्यात लोखंडाचं काहीच नाही.

तूच पहिली.