जानूचा खोकला

मी एका माणसाबद्दल खोटं बोललो आणि त्याचं चालतं हॉटेल बंद पडलं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, आई जाताना तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हाही नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा चुका आठवता आठवता इथवर येतो आणि हे वाक्य वगळून पुढे जातो. एकाच माणसाला सांगितलं – आणि त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. मग ते सांगणं धरायचं का?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

आधी माझ्या अंगाबद्दल सांगतो. त्यावाचून पुढचं कळणार नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मी कट्ट्याला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घर खाडीपलीकडे. रोज सकाळी होडीतून अलीकडे यायचं आणि पुढे चालत शाळा गाठायची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि बेताबाहेर लठ्ठ होतो. होडीत पाय टाकला की होडी वल्हवणारा तारी ओरडायचा, “मास्तरांनू, मधी बसा! नायतर होडी कलंडतली!” रोज. बायका तोंडाला पदर लावायच्या. मी मधे बसायचो, गुडघ्यांवर छत्री धरून, पाण्याकडे बघत. शाळेत फळ्याकडे वळलो की मागे खुसखुस व्हायची.

मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयावर ताण पडतोय. दीडशे रत्तलांवर या, नाहीतर चाळिशी बघणार नाही. मी तेव्हा दोनशे दहा रत्तल होतो. खरं सांगू? हृदयाचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मला फक्त होडीत काठावर बसायचं होतं.

पण गावात हे सांगणार कसं? आजूबाजूला माणसं पेजेवर दिवस काढत होती. घरोघरी आया पोरांच्या ताटात वाढताना हात आखडता घेत होत्या. तिथे एक कमावता मास्तर मुद्दाम उपाशी राहतोय, बारीक व्हायला – हे कुणाला समजलं असतं? मला स्वतःलाच त्याची लाज वाटायची.

ते एकट्या जानूला ठाऊक होतं.

जानूचं हॉटेल कट्ट्याच्या बस थांब्याजवळ, फणसाच्या झाडाखाली. माडाच्या झावळांचं छप्पर, दोन बाकडी, एक चूल. शाळा सुटली की मी तिथे बसायचो; पूर्वी भजी, उसळ, पुन्हा भजी असं करत तासभर. चुलीत तो नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, घालायचा. त्या धुरानं त्याला कायमचा खोकला. गिऱ्हाईक म्हणायचं, “जानू, आधी चाय की आधी खोकलो?” तो म्हणायचा, “खोकलो फुकट आसा, घेवा.” त्याच्या बायकोलाही तसाच खोकला यायचा. चुलीपासून दूर गेली की तिचा थांबायचा. हे मी रोज बघत होतो. हे लक्षात ठेवा – मी रोज बघत होतो.

मी त्याला डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझ्यापुढे कोरा चहा ठेवायला सुरुवात केली, बिनसाखरेचा. शेजारी उसळीची रिकामी बशी, रस्सा थोडा पुसलेली – मी खाऊन बसलोय असं दिसावं म्हणून. एखाद्या दिवशी मी भज्यांकडे फार वेळ बघितलं तर म्हणायचा, “मेल्या, एक खा. एकान मरूचंस नाय.” मग स्वतःच परात उचलून पलीकडे न्यायचा.

वजन कुठे करायचं? जवळच खोबऱ्याची वखार होती. तिथे छताला टांगलेला मोठा काटा होता, पोती तोलायचा. रविवारी दुपारी वखार सामसूम असायची. मी एका पारड्यात मांडी घालून बसायचो, जानू दुसऱ्यात वजनं टाकायचा. दर रविवारी माझं पारडं जमिनीवरच. दहा महिने असे गेले. मग एका रविवारी त्यानं नेहमीचीच दीडशे रत्तलांची वजनं मांडली आणि माझं पारडं हळूच सुटलं. मी अधांतरी झालो.

“वर गेलंस रे मास्तरा!” जानू खोकत खोकत हसत होता. “खोबऱ्याच्या पोत्यासारखो लटाकतंस!”

मी तिथेच, पारड्यात बसूनच, त्याच्याकडून शब्द घेतला – हे कुणाला सांगायचं नाही. तो म्हणाला, “माझ्या तोंडातसून जावचा नाय.”

दुसऱ्या दिवशी मी होडीत काठावर बसलो. तारी काहीच बोलला नाही. मला वाटलं, जिंकलो. खाडीचं पाणी हाताला लागत होतं. मग शेजारी बघितलं. होडी भरलेली होती, माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि माझ्या बाजूला दोन माणसांची जागा मोकळी होती.

मी पाण्यातला हात काढून घेतला.

आमच्याकडे माणूस आपणहून बारीक होत नाही. छातीतलं दुखणं त्याला बारीक करतं. आणि त्या दुखण्याचं नावसुद्धा कुणी घेत नसे. “तां दुखणा” एवढंच म्हणायचे आणि आवाज खाली न्यायचे. आता मला सगळं दिसू लागलं. हेडमास्तरांनी माझा पेला खिडकीत वेगळा ठेवला होता. पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकली होती. पाठ वळवली तरी हसू येत नव्हतं – ते हसू परत यावं असं मला वाटायला लागलं, विश्वास ठेवाल? घरी बायको ताट वाढून समोर बसून राहायची. एकदा म्हणाली, “तुमका काय झाला तां माका तरी सांगा.” मी म्हटलं, काही नाही. तिनं पोराचं अंथरूण आपल्या बाजूला ओढून घेतलं.

तिला तरी का नाही सांगितलं? मला ठाऊक नाही. दहा महिने तिनं वाढलेलं मी गुपचूप कुत्र्याला घातलं होतं. ते सांगावं लागलं असतं, म्हणून असेल.

आणि एक भीती याहून खोल होती. अंगठी बोटातून गळून विहिरीत पडली होती. मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी सहज भिडत होती. आरशात गालाची हाडं. मला वाटू लागलं – खरंच तसं असेल तर? उपाशी राहिल्यानं इतकं उतरतं का? की उपास हा माझाच समज आणि आत दुसरंच काही चाललंय? डॉक्टरांकडे जाऊन दाखवलं असतं, छाती तपासून चिठ्ठी आणली असती, तर एका दिवसात सगळं मिटलं असतं. दोनदा मालवणच्या बसमध्ये बसलो. दोन्ही वेळा वाटेत उतरलो. ते काय सांगतील, या भीतीनं.

मग दाजी आले.

दाजी म्हणजे शाळा ज्यांच्या जागेत भरायची ते. त्यांच्या शब्दावर पोरं शाळेत यायची, मास्तर बदलून जायचे. बाजाराचा दिवस होता. बस थांब्यावर आठ-दहा माणसं होती. दाजी छत्री टेकून माझ्यापुढे उभे राहिले – दोन हात लांब.

“मास्तरांनू, खराच सांगा. तुमका काय झाला हा? पोरांका शाळेत धाडूचा की नाय, तां आमका कळाक व्हया.”

समोर वीस पावलांवर जानू चुलीपुढे वाकला होता. आणि त्याच वेळी त्याला ढास लागली.

मला खरं सांगता आलं असतं. लोक हसले असते. पुन्हा हसले असते, एवढंच. पण मी त्या खोकल्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून शब्द आले, जसे काही कितीतरी दिवस तयार असावेत –

“माका काय एक झाला नाय. जानूकडचा खाणा सोडलंय, म्हणान अंग उतारला. त्येचो खोकलो आयकलात नाय? त्येच्या कपात चाय पिवची म्हणजे...”

वाक्य पुरं केलंच नाही. पुरं करायची गरज नव्हती. मी रोज त्याच्याकडे बशी पुढ्यात घेऊन बसतो, हेही त्या वेळी कुणाला आठवलं नाही. दाजींनी मान वळवून हॉटेलाकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. मग दाजी एक पाऊल पुढे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता. मला किती बरं वाटलं, ते लिहायला नको. पण लिहितो. फार बरं वाटलं.

पुढच्या बाजाराला जानूची दोन्ही बाकडी रिकामी होती. एसटीचे ड्रायव्हर काही दिवस येत राहिले, मग त्यांनाही कुणीतरी सांगितलं. जानूनं कप राखेनं घासून उन्हात मांडून ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. कुणी शिवलं नाही. मीही जाणं थांबवलं – थांबवणं भागच होतं, नाहीतर माझं बोलणं खोटं पडलं असतं. रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचो. तो हाक मारायचा, “मास्तरा, कोरी चाय पिवन जा!” मी घड्याळ बघायचो.

महिन्याभरानं शाळा सुटल्यावर तो व्हरांड्याखाली येऊन उभा राहिला. वर चढला नाही. वर ये, असं मी म्हटलंही नाही.

“तू काय सांगलंस, तां माका कळला,” तो म्हणाला. “तेचा काय नाय. भियालंस तू. आता फक्त एवढाच सांग – मी उपाशी रवलंय, म्हणान बारीक झालंय. तू पण सुटतलंस, मी पण सुटतलंय.”

मी म्हटलं, “उद्या सांगतंय.”

तो ‘उद्या’ मी घालवला. मग परवा. जानूला स्वतः सांगता आलं असतं की नाही? वखारीत मला त्यानंच तोललं होतं. चार माणसांत उभं राहून त्यानं तेवढं सांगितलं असतं तर त्याची बाकडी पुन्हा भरली असती. त्यानं सांगितलं नाही. मला शब्द दिला होता ना. मी मात्र रोज सकाळी याच धास्तीनं उठायचो – आज जानू बोलेल. तो बोलणार नाही, हे ठाऊक असूनही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं छपराच्या झावळा उतरवल्या. बायकोला घेऊन शिरोड्याला सासुरवाडीला गेला.

आणि मी? मी खायला लागलो. घाबरून खायला लागलो. पुन्हा कुणाची नजर माझ्या गालांवर जाऊ नये म्हणून दोन्ही वेळा भाताचे डोंगर, वर नारळाचा रस. बायकोला आनंद झाला. जो आकडा गाठायला दहा महिने लागले, तो मी पाच महिनेसुद्धा राखला नाही. दीड वर्षात पुन्हा दोनशे दहा. तारी ओरडला, “मास्तरांनू, मधी बसा!” आणि होडी हसली. पेला हेडमास्तरांच्या पेल्याशेजारी गेला. मास्तर बरे झाले, म्हणाले सगळे. मी जाडा झाल्यावर कुणी विचारलं नाही, की मग जानूचं काय? मीही विचारलं नाही.

गेल्या वैशाखात मी शिरोड्याला गेलो. का आत्ताच? डॉक्टरांनी सांगितलेली चाळिशी केव्हाच उलटली आहे, छातीत अधूनमधून दुखतं, आणि हे असंच आत घेऊन जायची मला भीती वाटते. म्हणजे याही वेळी भीतीच. दुसरं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

तो एका बागाईतदाराच्या खळ्यात, जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ सोलत होता. पाठ माझ्याकडे होती. मी त्याला खोकल्यावरून ओळखलं. तोच खोकला, पंधरा वर्षांनंतर. त्या दुखण्याचा माणूस पंधरा वर्षं नारळ सोलत नाही.

त्यानं वळून माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे बघितलं. “अरे मास्तरा! किती रत्तल?”

“आता किलोत मोजतत,” मी म्हटलं. आणि मग उभ्या उभ्याच बोललो – की दाजींना मीच सांगितलं, ते खोटं होतं, मला ठाऊक होतं, माझं चुकलं.

त्यानं हातातला नारळ पुरा सोलला. सोडण बाजूला टाकलं. म्हणाला, “माका कित्याक सांगतंस? माका म्हायतच होता. कट्ट्यार सांग.”

दाजी आता नाहीत. फणस तोडला, तिथे सायकलचं दुकान आहे. माझीही तिथून बदली होऊन वर्षं झाली. मी दोन वेळा मुद्दाम कट्ट्याला गेलो, बस थांब्यावर उभा राहिलो आणि तोंड उघडलं नाही. पण हे ज्यात छापलं जाईल त्या मासिकाचा अंक कट्ट्याच्या वाचनालयात येतो, आणि बाजाराच्या दिवशी तिथे मोठ्यानं वाचला जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून इथे लिहितो.

कट्ट्याच्या लोकांनो, फणसाखाली हॉटेल चालवणाऱ्या जानूला कसलंही दुखणं नव्हतं. त्याचे कप स्वच्छ होते. खोकला चुलीच्या धुराचा होता. मी उपाशी राहून बारीक झालो होतो, आणि ते सांगायला भ्यालो, म्हणून त्याचं नाव घेतलं. मी खोटं बोललो.

जानू, माझं चुकलं. कट्ट्यार सांगलंय.