हिरव्या रेघेवरचं हवामान

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. आमच्या ग्रुपचा पहिला नियमच आहे की इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, आणि तो नियम मीच लिहिला आहे. पण मराठी शाळेच्या अंकासाठी तिथे शिकवणाऱ्या शुभाकाकूंनी "काहीही लिही, पण स्वतःचं लिही" असं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि स्वतःचं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच आहे. ग्रुपमध्ये कुणालाही मराठी वाचता येत नाही, हा माझा एकमेव बचाव.

स्क्रीनशॉट काढायचे नाहीत, हा दुसरा नियम. त्यामुळे सगळे किस्से डोक्यातच साठत जातात. कमी बोलणाऱ्या माणसाकडे ते जरा जास्तच साठतात.

ग्रुप म्हणजे जर्सी सिटीतल्या आमच्या हायस्कूलच्या नकाशा क्लबचा चॅट ग्रुप. आम्ही नऊ जण आहोत, पण किस्से घडतात ते दोघांमुळे. आंद्रेआस आणि देफ्ने. दोघांचीही घरं मूळची सायप्रसची. हे भूमध्य समुद्रातलं बेट गेली पन्नास वर्षं दोन तुकड्यांत आहे. उत्तरेत तुर्की बोलणारे, दक्षिणेत ग्रीक बोलणारे, आणि मध्ये निळ्या टोप्यांच्या शांतिसैनिकांनी राखलेला एक पट्टा. त्याला हिरवी रेघ म्हणतात, कारण कुणीतरी नकाशावर ती हिरव्या पेन्सिलीने ओढली होती म्हणे. आंद्रेआस दक्षिणेचा, देफ्ने उत्तरेची. जन्म दोघांचाही न्यू जर्सीचा.

ती भांडतात इंग्लिशमध्ये. मी मराठीत लिहितेय, त्यामुळे ती आहेत त्यापेक्षा जरा सभ्य वाटतील.

*

क्लबचा पहिला दिवस. आमच्या शिक्षिका मिस डोनेली म्हणाल्या, प्रत्येकाने आपल्या कुटुंबाचा देश फळ्यावर काढा. मी भारत काढला, श्रीलंका काढायची विसरले आणि घाईघाईने एक ठिपका दिला.

फळ्याच्या दोन टोकांना दोघंजण पाठ वळवून काढत होते. बाजूला झाले तेव्हा दोन्हीकडे तेच बेट! तीच लांब निमुळती शेपटी.

मिसना फार आनंद झाला. "अरे वा, तुम्ही दोघं एकाच देशाचे! तुम्हीच पार्टनर व्हा."

"नाही!" दोघं एकदम म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस त्यांचं दुसऱ्या कशावर एकमत झालं नाही.

*

दुसऱ्यांदा झालं ते माझ्या आईमुळे.

क्लबच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काहीतरी आणायच्या जेवणाला, दोघांनीही आपापल्या घरचं खास चीज भाजून आणलं. आंद्रेआस म्हणाला हलूमी, देफ्ने म्हणाली हेलिम. चीज तेच होतं. पाकीटही तेच होतं, कारण दोघांच्या आया एकाच दुकानात जातात. कुणी कुणाकडून शिकलं यावर वर्गात आणि त्याच वेळी फोनवरही जोरदार चर्चा चालू होती. तेवढ्यात आई मला न्यायला आली. मिसनी तिच्या हातात डिश दिली. आईने एक तुकडा खाल्ला, दोघांकडे प्रेमाने पाहिलं आणि म्हणाली, "ओह, हे तर पनीर!"

"हे पनीर नाही!"

दोघं एका सुरात. मला जमिनीत जावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून ग्रुपवर एक फाइल टाकली. 'आमचं चीज आणि पनीर यांतले अकरा फरक.' खाली दोघांची नावं. मी ती आईला वाचून दाखवली. आईने अकराही मुद्दे शांतपणे ऐकले.

"बरं," ती म्हणाली. "पण मटारबरोबर छान लागेल."

*

मला ग्रुपची मॉडरेटर केलं गेलं, त्याचं कारण मिसनी सगळ्यांसमोर सांगितलं. "सई कधीच कुणाची बाजू घेत नाही."

मी कधीच काहीच बोलत नाही, हे खरं कारण. पण ते ऐकायला तितकं चांगलं वाटत नाही. आंद्रेआसने लगेच माझं नाव 'निळी टोपी' ठेवलं.

पहिलंच काम ग्रुपच्या फोटोचं निघालं. आंद्रेआस एक झेंडा लावायचा, पाच मिनिटांनी देफ्ने दुसरा. शेवटी मी दोन्ही काढले आणि एका शेळीचा फोटो लावला. शेळ्या त्या बेटावर सगळीकडे असतात, मी बघून ठेवलं होतं.

आंद्रेआसचा मेसेज आला, "शेळी उत्तरेकडे का बघतेय?"

मी फोटो उलटा फिरवला.

देफ्नेचा मेसेज आला, "आता तिने आमच्याकडे पाठ केली!"

मग मी समोर बघणारी शेळी शोधली. ती अजून आहे.

*

त्यानंतर मी दोघांना ग्रुपमध्येच दोन चॅनेल, म्हणजे दोन वेगळे कप्पे, करून दिले, उत्तर आणि दक्षिण. ज्याला जे म्हणायचं ते त्याने आपापल्या चॅनेलमध्ये म्हणावं. मधोमध 'हिरवी रेघ' नावाचा तिसरा चॅनेल केला. तिथे फक्त मीच लिहू शकते.

पण लिहायचं काय? रिकामा ठेवला तर विचित्र दिसतो. म्हणून मी रोज सकाळी सातला तिथलं हवामान टाकायला लागले. आमच्याकडे सात वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे दोन.

'राजधानीत ऊन. दोन्हीकडे.'

गावांची नावं मी घेत नाही, कारण तिथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत. आंद्रेआसच्या आजोबांचं गाव आता उत्तरेत आहे. तो म्हणतो किरेनिया, देफ्ने म्हणते गिर्ने. देफ्नेच्या आजोबांचं गाव आता दक्षिणेत आहे. ती म्हणते लेयमोसुन, आंद्रेआस म्हणतो लेमेसोस. दोघांचेही आजोबा तरुणपणी घराला कुलूप लावून निघाले, ते उलट्या दिशांनी. चुकून दुसऱ्याचं नाव तोंडातून गेलं तर दिवस गेला! मी आपली 'राजधानी' म्हणते. राजधानीबद्दल दोघांचं म्हणणं एकच आहे, की ती आपली.

हळूहळू मी हवामानाखाली आणखी एखादी ओळ लिहायला लागले. आज हडसन नदीवर बर्फाचे तुकडे दिसले. आज बायोलॉजीच्या तासाला मला उत्तर येत होतं, पण मी हात वर केला नाही. कुणीतरी खाली हार्ट टाकायचं. शाळेत मी दिवसभरात जेवढं बोलते, त्यापेक्षा जास्त त्या चॅनेलमध्ये बोलायला लागले.

*

हे सगळं मी एकदा जेवताना बाबांना सांगितलं. बाबा हसले.

"एवढंसं बेट, आणि त्यावरून भांडतात? अगं, समोरासमोर बसायचं, चहा घ्यायचा, मिटवून टाकायचं. त्यात काय एवढं!"

मग त्यांनी माझ्या क्लबच्या प्रोजेक्टचा भारताचा नकाशा उचलला. बघत राहिले. पोळी हातातच राहिली.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"बेळगाव कर्नाटकात दाखवलंयस."

"बाबा, ते कर्नाटकातच आहे."

आईने डोळ्यांनी मला खूण केली, पण उशीर झाला होता. बाबांचा जन्म बेळगावचा. वरण गार झालं, भात गार झाला, आयोग झाले, कोर्ट झालं, आणि आई उठून भांडी लावायला लागली तरी बाबा सीमेवरच होते.

गंमत म्हणजे बाबांचे सगळ्यात जवळचे मित्र हेगडे काका धारवाडचे. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. दोघं रोज एकाच ट्रेनने मॅनहॅटनला जातात आणि शनिवारी एकाच गाडीने बॅडमिंटनला. त्यांचा करार आहे, गाडीत बेळगाव नाही! फक्त काका भारतातून येताना कुंद्याचा बॉक्स आणतात, तेव्हा दारातच सुरू होतं.

"घ्या, आमच्या बेळगावचा कुंदा."

"आमच्या गावचा कुंदा आम्हालाच काय देता!"

मग दोघं सोफ्यावर बसून तो संपवतात. आईसाठी सुद्धा ठेवत नाहीत.

हा किस्सा मी हिरव्या रेघेवर लिहिला. तिथे मी लिहिलेलं ते सगळ्यात लांब. आंद्रेआसने आपल्या चॅनेलमधून लिहिलं, "म्हणजे तुझे बाबा देफ्ने आहेत."

देफ्नेने तिच्या चॅनेलमधून लिहिलं, "शक्यच नाही. ते आंद्रेआस आहेत!"

*

नकाशांच्या स्पर्धेसाठी आम्ही बेटांचा एक मोठा डिजिटल नकाशा करत होतो. सायप्रसवर अर्थातच दोघं. एक फाइल, दोघांनाही एडिट करायची परवानगी. ही परवानगी मी दिली होती, हे आधीच सांगते.

एका रविवारी सीमेचा रंग कोणता, यावरून बिनसलं. आंद्रेआसने रागाने उत्तर भाग डिलीट केला. त्याच वेळी देफ्नेने तिच्या घरून दक्षिण भाग डिलीट केला. मी फाइल उघडली तर समुद्रात हिरव्या रेघेची एक बारीक पट्टी, आणि खाली दोन गुलाबी ठिपके.

त्या बेटावर ब्रिटिशांचे दोन लष्करी तळ आजही आहेत. ते ठिपके म्हणजे ते तळ. तेवढे कुणी पुसले नव्हते!

बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "दोघं भांडले आणि बेटावर इंग्रज उरले. ही गोष्ट आम्हाला पाठ आहे."

मी हसले. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

ग्रुपवर भांडण चालूच होतं, आणि आता दोघं आपापले चॅनेल सोडून सगळ्यांच्या चॅनेलमध्ये आले होते. देफ्नेने लिहिलं, तुझे आजोबा घर सोडून पळाले, यात आमची काय चूक. आंद्रेआसने लिहिलं, तुझी मावशी ज्या घरात राहते ते कुणाचं, ते तिला विचार.

ते मेसेज पुसणं माझं काम होतं. एक बटण दाबायचं होतं. पण नुसतं पुसलं तर दोघांनाही वाईट वाटेल, म्हणून मी आधी काहीतरी लिहावं म्हटलं. एक वाक्य लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. वीस मिनिटं गेली. तोवर दोन्ही घरच्यांनी ते मुलांच्या फोनवर वाचलं होतं.

शुक्रवारी मिसनी सगळ्यांना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. "दोन्ही घरांतून फोन आलेत. सोमवारी शाळा सुरू व्हायच्या आत मी ग्रुप बंद करणार आहे. स्पर्धेतूनही नाव काढून घेऊ. कुणाला काही म्हणायचंय?"

आंद्रेआस खिडकीबाहेर बघत होता. देफ्ने बुटाची लेस बांधत होती. मिसनी माझ्याकडे पाहिलं. मला म्हणायचं होतं की बंद करू नका, मला दुसरीकडे कुठेच बोलता येत नाही. पण तेच तर होतं ना, बोलता येत नाही! मी मान हलवली. कशासाठी हलवली, ते मलाच कळलं नाही.

*

शनिवारी मी हवामान टाकलं नाही. रविवारीही नाही. जी मुलगी एक बटण दाबू शकली नाही, तिने ऊन-पावसाचं काय सांगायचं?

सोमवारी सकाळी आई डबा भरत होती आणि मी शेवटचं म्हणून ग्रुप उघडला. शेळी समोर बघत होती. हिरवी रेघ रिकामी. ग्रुपवर मिसच्या नावापुढे ऑनलाइनचा ठिपका होता. त्या बंद करायलाच आल्या असणार.

बरोबर सात वाजता उत्तरेच्या चॅनेलमध्ये देफ्नेचा मेसेज आला.

'किरेनिया. ऊन. मावशी आत्ता बंदरावर जाऊन बघून आली. समुद्र शांत.'

मी दोनदा वाचलं. तिने गिर्ने लिहिलं नव्हतं.

दक्षिणेच्या चॅनेलमध्ये बराच वेळ कुणीतरी टाइप करत असल्याचे तीन ठिपके उड्या मारत होते. थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मला ते ओळखीचे वाटले. मग आंद्रेआसचा मेसेज आला.

'लेयमोसुन. ढगाळ. आत्याला गच्चीत पाठवलं होतं. पाऊस नाही.'

आईने डबा माझ्यापुढे ठेवला, "सई, ट्रेन जाईल" म्हणाली, तरी मी बसून होते.

मग मिस डोनेलींची एक ओळ आली.

'आणि वारा?'

वाऱ्याचं कुणीच बघितलं नव्हतं. ते माझं काम होतं. मी तिकडचं हवामान उघडलं, हिरव्या रेघेवर गेले आणि या वेळी न खोडता लिहिलं की वारा पश्चिमेकडून आहे आणि तो...

थांबा, खालून बाबांचा फोन येतोय. आज स्पर्धा आहे ना, मिसनी शेवटी ग्रुपही बंद केला नाही आणि नावही काढलं नाही. बाबा गाडी चालवणार, हेगडे काका पुढे बसणार, करार लागू आहे. मागे आंद्रेआस आणि देफ्ने दोन खिडक्यांना येऊन बसलीसुद्धा. बाबा म्हणतायत, "लवकर ये गं, मधल्या सीटवर हे कुणालाच बसू देत नाहीयेत, माझी बॅगसुद्धा ठेवू दिली नाही, म्हणतात ती जागा निळ्या टोपीची!"