बाटलीत फक्त पाणी होतं

"वास घ्या, मॅडम," सुनंदा म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या सायकलची पाण्याची बाटली माझ्या टेबलावर, बीपीच्या मशीनशेजारी ठेवली.

मी झाकण उघडलं. प्लास्टिकचा वास आला, बाकी काही नाही. थोडं पाणी तळहातावर घेऊन चाखलंही.

"पाणी आहे," मी म्हणाले.

"मग ते झुलत का येतात घरी?"

ईशान, रेवा, पोरांनो, परवा फोनवर ईशानने सांगितलं की त्याने तिकडच्या क्लबात ट्रायथलॉनसाठी नाव दिलंय. म्हणून ही केस तुम्हाला लिहून पाठवते. नावं बदलली आहेत. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच लिहिते आहे.

सुनंदा इथे धुळ्यातच प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचा नवरा मिलिंद पाटबंधारे खात्यात अभियंता, वय सत्तेचाळीस. मूळचे पिंपळनेरकडचे. मिलिंद दहा-बारा वर्षं दारू प्यायचा. त्या काळात सुनंदा मुलीला घेऊन एकदा माहेरी, बोदवडला, चार महिने राहून आली होती. घरात रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणतात. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. पीत असतानाही मिलिंद हात जोडून बसायचा, पण चार शीलं म्हणून गप्प व्हायचा. दारू पितो तर पितो, वर मूर्तीपुढे खोटं नको, असं त्याचं म्हणणं. गेली अडीच वर्षं तो पाचही मोठ्याने म्हणत होता.

"आणि आता पिऊन येऊन म्हणत असतील तर?" सुनंदा म्हणाली. "तसं असेल तर मी बोदवडला जाणार. या वेळी परत यायचं नाही. तुम्ही फक्त खरं काय ते सांगा."

दारू सुटल्यावर मोकळ्या वेळेचं करायचं काय, हा प्रश्न असतो. मिलिंदने आधी चालणं धरलं, मग पळणं, मग सायकल, मग पोहणं. आता त्याला ट्रायथलॉन करायचं होतं. जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन नव्वद किलोमीटर सायकल, उतरून एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं एका दिवसात. त्यासाठी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. ते माझ्याकडून हवं होतं.

सुनंदाची तक्रार अशी होती: रविवारची लांबची प्रॅक्टिस करून आला की त्याचं डोकं दुखतं, उलटी होते, जीभ जड पडते. दारात चप्पल काढायला पाच मिनिटं लागतात. तासाभराने माणूस ठीक.

दुसऱ्या दिवशी मिलिंद एकटा आला. वजन अठरा किलोने उतरलेलं. बीपी एकशे दहा-सत्तर. चार वर्षांपूर्वी हाच माणूस एकशे सत्तर बीपी घेऊन आला होता, तेव्हा मीच गोळी सुरू केली होती आणि मीठ बंद करायला सांगितलं होतं. मी खूश होऊन केस पेपरवर शिक्का मारला. माझं अक्षर वाईट. म्हणून आग्रा रोडवरच्या दुकानातून मी एक रबरी शिक्का करून घेतला होता: 'तीच औषधे चालू.' एका शिक्क्यात काम व्हायचं.

"प्यायलास का?" मी सरळ विचारलं.

"नाही मॅडम. थेंब नाही."

"रक्त तपासते. लिव्हर खोटं बोलत नाही."

"तपासा ना." मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "एक सांगू का? सुनंदाला सांगू नका. लांब सायकल चालवताना माझ्यासोबत एक माणूस असतो."

"दुसरा सायकलवाला?"

"नाही. पायी असतो. डाव्या हाताला. मी तीसच्या स्पीडने गेलो तरी तो बाजूलाच. पळत नाही, चालतो. ऑफिसात घालतात तसा शर्ट, पायात चप्पल. काळी रेक्झिनची बॅग. बॅगेची चेन तुटलेली, सेफ्टी पिन लावलीय."

मी पेन खाली ठेवलं.

"बोलतो का?"

"पाणी मागतो. मी बाटली पुढे करतो, तर घेत नाही. मग मीच पितो." तो हे अगदी हिशेबी आवाजात सांगत होता, धरणाची पातळी सांगावी तसं. "भीती नाही वाटत. पण तो दमत नाही, याचं नवल वाटतं."

दारू अचानक सोडणाऱ्याला भास होतात, हे खरं आहे. भिंतीवर मुंग्या दिसतात, दारात माणसं दिसतात. पण ते पहिल्या आठवड्यात. अडीच वर्षांनी नाही. म्हणजे एकतर तो चोरून पीत होता, नाहीतर डोक्यात काही बिघडलं होतं. मी लिव्हरच्या तपासण्या मागवल्या, साखर मागवली, मेंदूचा एमआरआय मागवला. सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. मी सुनंदाला फोन केला.

"ते पीत नाहीत."

"मग काय होतंय त्यांना?"

कारण कळल्याशिवाय मी सर्टिफिकेटवर सही करत नाही. मी मिलिंदला म्हटलं, "मला डोळ्यांनी बघू दे. तू पूर्ण ट्रायल कर, मी गाडीने मागे येते."

त्याने आखणी केली. धुळ्याबाहेरच्या तलावात पोहायचं, तिथून सायकलने जळगाव, जळगावात पळायचं. धुळे-जळगाव नव्वदच्या आसपासच आहे. एप्रिल लागला होता. सकाळी सातला तो पाण्यात उतरला. किनाऱ्यावर मी आणि सुनंदा. त्याचे कपडे घडी करून दगडावर ठेवले होते. पाणी सपाट होतं आणि त्यावर फक्त त्याचा एक हात वर-खाली होत होता. तो परत आला तेव्हा सुनंदाने टॉवेल पुढे केला. त्याने अंग पुसलं आणि टॉवेल डाव्या बाजूला कुणाकडे तरी द्यावा तसा धरला. टॉवेल खाली पडला. तो त्याने उचलला आणि सायकलकडे गेला.

सव्वाआठला सायकल निघाली. गाडी मी चालवत होते, सुनंदा बाजूला. पारोळ्यापर्यंत सगळं सुरळीत. तो दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी पीत होता. पारोळ्यात बाटल्या भरून घेतल्या, एक जागेवरच संपवली. व्यसनमुक्तीच्या ग्रुपमध्ये त्याला शिकवलं होतं की तलफ आली की आधी तांब्याभर पाणी प्यायचं. सवय लागली होती. चांगली सवय, असंच आम्ही सगळे म्हणायचो.

पारोळ्यापुढे मी ते पाहिलं. त्याने बाटली काढली, हात डावीकडे लांब केला आणि तसाच धरला. पाच-सहा सेकंद. मग हात मागे घेतला आणि स्वतः प्याला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. वेगही निम्म्यावर आला होता. सायकल रस्त्याच्या कडेने न जाता कडेपासून हातभर आत चालली होती. कडेला एक माणूस चालेल एवढी जागा सोडून.

"कोणाला देतात पाणी?" सुनंदा हळू म्हणाली.

सुनंदाला सांगणार नाही, असं मी मिलिंदला कबूल केलं होतं. पण तिने ते पाहिलं होतं, आता झाकून काय उपयोग. मी सांगितलं. शर्ट, चप्पल, काळी रेक्झिनची बॅग, चेनला सेफ्टी पिन.

एरंडोल आलं. गावातून बाहेर पडताना ती म्हणाली, "ती पिन मी लावली होती."

"म्हणजे?"

"यांचीच बॅग ती. ऑफिसातून येताना बाटली त्यात असायची. ज्या दिवशी सोडली त्या दिवशी ती बॅग मी मागच्या अंगणात जाळली, मॅडम. रेक्झिनचा वास दोन दिवस गेला नव्हता."

गाडीत एसी चालू होता. मी तो बंद केला.

"यांना ओळखू येत नाही का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, तो कुणीतरी परका म्हणून सांगतो. ती बाहेर बघत राहिली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. केळीच्या बागा आणि ऊन.

"बारा वाजले," ती म्हणाली. "आई आम्हाला बाराला विहिरीकडे जाऊ द्यायची नाही. सावली पायाखाली गेली की माणूस कोण आणि नसलेला कोण, कळत नाही म्हणायची."

"तू शिक्षिका ना?"

"आहेच की. म्हणून तर मुलांना सांगत नाही."

तेवढ्यात मिलिंद थांबला. सायकल व्यवस्थित आडवी ठेवली. कडुनिंबाखाली जाऊन बसला आणि बसल्यावर थोडा सरकला, शेजारी कुणाला जागा करावी तसा. मी गाडी लावून धावत गेले. त्याच्या अंगठ्या बोटात रुतल्या होत्या. हात सुजले होते. चेहराही. उन्हात तीन-चार तास सायकल चालवलेला माणूस सुकायला हवा. हा फुगला होता.

"मिलिंद, माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं. मग मान डावीकडे वळवली आणि लहानपणीच्या बोलीत म्हणाला, "तो थकी गया. आधी त्याले देखा. त्याले पानी द्या."

सुनंदाने पाणी आणायला गाडीकडे पाऊल टाकलं.

"थांब," मी म्हणाले. "पाणी नको. एक थेंब नको."

का म्हणाले, ते मला त्या क्षणी शब्दांत सांगता आलं नसतं. पुढच्या मिनिटाला त्याला फिट आली.

फिट थांबल्यावर, मागून आलेल्या दोन ट्रकवाल्यांनी त्याला उचलून गाडीत घातलं. जळगावच्या हॉस्पिटलात पंचवीस-तीस मिनिटांत पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त घेतलं. रिपोर्ट आला: सोडियम एकशे सोळा. माणसाला एकशे पस्तीसच्या वर लागतं.

हे तुम्हाला सोपं करून सांगते. पाहुणे वाढले की आपण वरणात पाणी ओततो. मीठ तेवढंच, पाणी जास्त. वरण अळणी होतं. मिलिंदचं रक्त तसं अळणी झालं होतं. घामातून मीठ जात होतं, तोंडातून येत होतं नुसतं पाणी. रक्त असं पातळ झालं की मेंदू पाणी शोषून घेतो आणि कवटीच्या आत फुगतो. आधी डोकं दुखतं, उलटी होते, जीभ जड होते. अगदी प्यायल्यासारखं. मग नसलेलं दिसतं. मग फिट. त्यापुढेही गेलं तर माणूस जातो. उपाय म्हणजे खारं सलाईन, तेही हळूहळू. घाई केली तर मेंदूला वेगळीच इजा होते.

म्हणजे तो माणूस पाणी मागायचा, मिलिंद त्याच्या वाट्याचंही पाणी प्यायचा, रक्त आणखी पातळ व्हायचं आणि तो माणूस आणखी स्पष्ट दिसायचा.

"मॅडम, पेशंट कुठल्या गोळ्या घेतो?" तरुण डॉक्टरने विचारलं.

मी बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं. त्या गोळीत दोन औषधं असतात. त्यातलं एक लघवीवाटे मीठ बाहेर काढतं.

तो लिहिता लिहिता थांबला. "एवढं पळणाऱ्याला ही? आणि मीठ?"

"मीठ बंद आहे. चार वर्षं."

"कोणी बंद केलं?"

"मी."

तो चांगला मुलगा होता. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं, बाकी काही विचारलं नाही. मला मात्र माझा शिक्का दिसत होता. केस पेपरवर निळ्या शाईत एकाखाली एक, सात वेळा. बीपी दारूने आणि वजनाने वाढलं होतं. दारू गेली, वजन गेलं, बीपी उतरलं. गोळी आणि अळणी जेवण तेवढं राहिलं, कारण मी थांब म्हटलं नाही, आणि हा माणूस सांगितलेलं पाळणारा. सोडियमची साधी तपासणी मी मागवली नव्हती. मला विचारलं होतं 'पितात का', आणि मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत बसले.

मी बाहेर येऊन हे सगळं सुनंदाला असंच सांगितलं. ती म्हणाली, "मी यांच्या बाटल्या हुंगत बसले. अडीच वर्षांत एकदाही पूर्ण विश्वास ठेवला नाही. तुम्ही निदान विश्वासाने शिक्का तरी मारला."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जळगावला पुन्हा गेले. मिलिंद शुद्धीवर होता, पण बोलत कमी होता. सुनंदाने मोबाईलवर बुद्धमूर्तीचा फोटो उघडून उशाशी ठेवला होता. त्याने हात जोडले आणि पुटपुटायला सुरुवात केली. चौथं झालं आणि तो थांबला. सुनंदाने बेडची कड धरली. त्याने श्वास घेतला आणि पाचवं म्हटलं. तिने हात सोडला.

गोळी बंद केली. जेवणात मीठ सुरू केलं. पाणी तहान लागेल तेवढंच, आणि लांबच्या प्रॅक्टिसला त्यात मीठ, साखर, लिंबू. दर महिन्याला सोडियम तपासलं. पुढच्या वर्षी मी सर्टिफिकेटवर सही केली. त्या दिवशी सुनंदाने पुन्हा एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"आता वास नको," ती म्हणाली. "चव बघा."

खारट होतं. त्याने शर्यत पुरी केली. सोबत कुणी नव्हतं, हे त्याने आपणहून सांगितलं. मग म्हणाला, "शेवटचे पाच किलोमीटर जरा एकटं वाटलं."

ईशान, तू कुठलीही गोळी घेत असशील तर ती कशासाठी सुरू केली आणि ते कारण अजून आहे का, हे डॉक्टरला वर्षातून एकदा विचार. डॉक्टर म्हातारी आणि शिस्तीची असेल तर दोनदा विचार. मी आता प्रत्येक वेळी पूर्ण प्रिस्क्रिप्शन हाताने लिहिते, आणि केमिस्ट माझ्या अक्षराबद्दल कुरकुरतो. शिक्का ड्रॉवरमध्ये आहे. शाईचं पॅड टाकून दिलं.

आणि जळगावला जाताना पारोळ्यापुढे मी गाडी डाव्या कडेपासून थोडी आत ठेवते. याला वैद्यकीय कारण नाही.